पावसाचे गणित : अनेक गाभ्यांचा संगणक आणि वेळेचा प्रश्न

रायगड जिल्ह्याच्या पंधरा तालुक्यांपैकी कर्जत आणि खालापूर हे दोन तालुके समुद्रकिनाऱ्यापासून आत, सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेले आहेत. पूर्वेस घाटाची उभी भिंत, पश्चिमेस माथेरानचा डोंगर आणि मधल्या सखल पट्ट्यात भाताची खाचरे, अशी येथील भूमीची सर्वसाधारण ठेवण आहे. अरबी समुद्रावरून येणारे बाष्पयुक्त वारे या भिंतीवर अडतात, वर चढतात, थंड होतात आणि आपला भार येथेच रिकामा करतात. येथील भातशेती याच पावसावर उभी आहे. कर्जतच्या प्रादेशिक कृषी संशोधन केंद्रात तयार झालेले ‘कर्जत-३’, ‘कर्जत-७’, ‘कर्जत-१८४’ हे भाताचे वाण कोकणातील शेतकऱ्यांच्या चांगले परिचयाचे आहेत. खालापूर तालुक्यातील खोपोली येथे १९१५ साली आणि कर्जत तालुक्यातील भिवपुरी येथे १९२२ साली सुरू झालेली टाटांची जलविद्युत केंद्रेही घाटमाथ्यावर पडणाऱ्या पावसाच्याच आधारावर उभारली गेली.

परंतु या पावसाचे दुसरे रूपही या भागाने पाहिले आहे. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीला आलेल्या पुरात कर्जतच्या खालच्या अंगास वांगणी परिसरात महालक्ष्मी एक्सप्रेस अडकून पडली आणि सुमारे एक हजार पन्नास प्रवाशांना पाण्यातून सुखरूप बाहेर काढावे लागले. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळगडाच्या उतारावरील इर्शाळवाडी या आदिवासी वाडीवर दरड कोसळली. त्या आधीच्या तीन दिवसांत या परिसरात ४९९ मिलिमीटर पाऊस झाल्याचे शासनाने विधिमंडळात सांगितले. वाडीपर्यंत रस्ता नव्हता; मदत पथकांना चिखलातून, अंधारातून डोंगर चढून जावे लागले. २३ जुलै रोजी शोधकार्य थांबविण्यात आले तेव्हा २७ मृतदेह हाती आले होते आणि ५७ माणसे बेपत्ता होती.

अशा घटनेनंतर एक प्रश्न सर्वांच्याच मनात येतो. पावसाचा अंदाज अधिक नेमका आणि अधिक आधी देता येणार नाही काय? या प्रश्नाचे उत्तर केवळ हवामानशास्त्रात नाही. ते पुण्यातील महासंगणकाच्या खोलीतही शोधावे लागते. अंदाज किती बारकाईने करता येईल आणि तो किती वेळात हाती येईल, हे बव्हंशी संगणकाच्या गणनशक्तीवर आणि ती शक्ती कितपत कामी लागते यावर अवलंबून असते. हे गणित कसे चालते आणि त्यात कोणत्या अडचणी येतात, हे समजून घेणे त्यामुळे अगत्याचे आहे.

जाळीतील एक चौकोन

हवामानाचा अंदाज आज गणिताने वर्तविला जातो. संपूर्ण पृथ्वीवर एक काल्पनिक जाळी टाकलेली आहे अशी कल्पना केली जाते. या जाळीच्या प्रत्येक चौकोनात जमिनीपासून आकाशापर्यंत एकावर एक असे अनेक थर मानले जातात. प्रत्येक थरातील हवेचा दाब, तापमान, आर्द्रता आणि वाऱ्याचा वेग या राशी आकड्यांच्या रूपाने संगणकाच्या स्मृतीत ठेवल्या जातात. भौतिकशास्त्राच्या नियमांनुसार काही मिनिटांनी या राशी काय होतील, हे काढले जाते. मग आलेल्या उत्तरावरून पुढच्या काही मिनिटांचे गणित करतात. एक टप्पा पाच मिनिटांचा धरला, तर दहा दिवसांच्या अंदाजासाठी असे २,८८० टप्पे ओलांडावे लागतात आणि प्रत्येक टप्प्यावर पृथ्वीवरील सर्व चौकोनांचे सर्व थर नव्याने मोजावे लागतात.

जाळीचा एक चौकोन म्हणजे संगणकाच्या दृष्टीने एकच ठिकाण. त्या चौकोनाच्या आत काय आहे हे त्यास वेगळे दिसत नाही. खोपोली आणि लोणावळे यांच्यातील हवाई अंतर दहा किलोमीटरांच्या आत आहे. पण उंचीतील फरक पाचशे मीटरांहून अधिक आहे. नेरळ आणि माथेरान यांची स्थिती याहून वेगळी नाही. जाळीचा चौकोन बारा किलोमीटर लांबीरुंदीचा असेल तर ही दोन्ही ठिकाणे एकाच चौकोनात येऊ शकतात. मग घाटाची कडा आणि पायथ्याचे खाचर यांची सरासरी काढली जाते आणि जी भिंत पाऊस पाडते तीच भिंत गणितातून अर्धीअधिक पुसली जाते.

जाळी बारीक करणे हा यावरील उपाय होय. परंतु त्याची किंमत मोठी आहे. चौकोनाची लांबी व रुंदी निम्मी केली की चौकोनांची संख्या चौपट होते. चौकोन लहान झाल्यामुळे काळाचा टप्पाही सर्वसाधारणपणे निम्मा घ्यावा लागतो. म्हणजे एकूण काम आठपट वाढते. बारा किलोमीटरांवरून सहावर येण्यास आठपट, तेथून तीनवर येण्यास चौसष्टपट आणि दीड किलोमीटरवर येण्यास पाचशे बारापट गणित करावे लागते. आणि हे सारे ठरलेल्या वेळेत व्हावयास हवे. कारण पाऊस पडून गेल्यावर हाती आलेले उत्तर कितीही बिनचूक असले तरी त्यास अंदाज म्हणता येत नाही.

चौसष्ट हजार गणक

गणिताने हवामान वर्तविण्याचा पहिला मोठा प्रयत्न लुईस फ्राय रिचर्डसन या इंग्रज शास्त्रज्ञाने केला. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये रुग्णवाहिका पथकात काम करीत असताना त्यांनी २० मे १९१० या दिवसाच्या जुन्या नोंदी घेऊन सहा तासांचा अंदाज हाताने काढून पाहिला. त्यास कित्येक आठवडे लागले आणि उत्तरही चुकले. तरीही १९२२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्यांनी एक विलक्षण कल्पना मांडली. एका विशाल गोलाकार सभागृहात चौसष्ट हजार माणसे बसली आहेत. प्रत्येकाकडे पृथ्वीचा एक तुकडा सोपविलेला आहे. सर्वजण एकाच वेळी आपापल्या तुकड्याचे गणित करीत आहेत आणि शेजाऱ्याचे आकडे पाहून पुढे जात आहेत. मध्यभागी उंचावर बसलेला संचालक पुढे धावणाऱ्या गटावर गुलाबी आणि मागे रेंगाळणाऱ्या गटावर निळा प्रकाशझोत टाकतो, म्हणजे सर्वांची चाल एकसारखी राहते.

पुढे १९५० साली अमेरिकेत ‘एनिॲक’ या इलेक्ट्रॉनिक संगणकावर चोवीस तासांचा अंदाज काढण्यात आला. त्या गणितासही सुमारे चोवीस तासच लागले. निसर्ग आणि संगणक बरोबरीने धावले, असेच म्हणावयास हवे. त्यानंतरच्या अर्धशतकात संगणकाचा वेग सतत वाढत गेला. मात्र २००५ च्या सुमारास एक मर्यादा येऊन ठेपली. संगणकाचा मुख्य गणन करणारा भाग, म्हणजे प्रोसेसर, आणखी वेगाने चालवू गेल्यास तो इतका तापू लागला की ती उष्णता काढून टाकणे कठीण झाले. तेव्हा उत्पादकांनी दुसरा मार्ग धरला. एकाच चकतीवर एकाऐवजी दोन, मग चार, मग अठरा आणि त्याहून अधिक स्वतंत्र गणक बसविण्यास सुरुवात झाली. अशा प्रत्येक गणकास तंत्रज्ञ ‘कोअर’ म्हणतात. मराठीत त्यास गाभा म्हणता येईल. आज विद्यार्थ्याच्या लॅपटॉपमध्ये आणि हातातील मोबाइलमध्येही असे अनेक गाभे असतात. रिचर्डसन यांचे सभागृह अशा रीतीने एका नखाएवढ्या तुकड्यावर येऊन बसले आहे.

अनेकांनी मिळून एक गणित करण्याची ही पद्धत महाराष्ट्रास नवी नाही. पुण्यातील प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे ‘सी-डॅक’, १९८८ साली स्थापन झाले. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली तेथे तयार झालेला ‘परम ८०००’ हा संगणक १९९१ साली सादर करण्यात आला. एक बलाढ्य प्रोसेसर घेण्याऐवजी अनेक लहान प्रोसेसर जोडून त्यांना एकत्र कामास लावणे हेच त्याचेही तत्त्व होते.

जानेवारी २०१८ मध्ये पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत ‘प्रत्यूष’ हा महासंगणक राष्ट्रास अर्पण करण्यात आला. त्यात एकूण १,१९,२३२ गाभे होते आणि त्याची शिखरक्षमता सुमारे चार पेटाफ्लॉप, म्हणजे सेकंदाला चार हजार लाख कोटी आकडेमोडी, इतकी होती. येथे स्वाभाविकपणे असे वाटते की, एका गाभ्यास जे काम करण्यास एक लाख तास लागतील ते एक लाख गाभे एका तासात करतील. प्रत्यक्षात तसे होत नाही. ते का होत नाही, हाच या विषयाचा खरा गाभा आहे.

लावणीचा हिशेब

कर्जत-खालापूरच्या कोणत्याही शेतकऱ्यास पहिले कारण सहज पटेल. एका खाचराच्या लावणीस एका माणसास एकूण वीस तास लागतात असे समजू. त्यापैकी एक तास बांध फोडून खाचरात पाणी घेण्यात आणि ते हव्या त्या पातळीस येईपर्यंत थांबण्यात जातो. उरलेले एकोणीस तास रोपे लावण्याचे. लावणीस एकोणीस माणसे उभी केली तर लावणी एका तासात होईल. पण पाण्याचा तास तसाच राहील. म्हणजे वीस तासांचे काम दोन तासांत झाले आणि वेग दहापट झाला. माणसे एकशे नव्वद केली तर लावणी सहा मिनिटांत आटोपेल. तरीही एकूण एक तास सहा मिनिटे लागतीलच. माणसे दहापट वाढविली आणि वेग दहापटीवरून केवळ अठरापटीवर गेला. यापुढे साऱ्या तालुक्याची माणसे आणली तरी वीसपटीची मर्यादा ओलांडता येणार नाही.

संगणकशास्त्रात हा नियम जीन ॲमडाल या अमेरिकन अभियंत्याच्या नावाने ओळखला जातो. त्यांनी तो विचार १९६७ साली मांडला. आज्ञावलीचा जो भाग एकामागून एकच करावा लागतो, तोच अखेरीस साऱ्या यंत्राचा वेग ठरवितो. एकूण कामात असा भाग केवळ पाच टक्के असला तरी एक लाखाहून अधिक गाभ्यांच्या यंत्रावर वेग वीसपटीपुढे जात नाही. हवामानाच्या प्रतिमानात सुरुवातीच्या नोंदी वाचून घेणे, निकाल साठवून ठेवणे, सर्व गाभ्यांकडील बेरजा एकत्र करणे यांसारखी कामे याच प्रकारात मोडू लागतात. यास्तव आज्ञावली लिहिणाऱ्यांचे पहिले कर्तव्य हे असते की, ‘पाण्याचा तास’ शक्य तितका लहान करावा किंवा त्याचेही तुकडे पाडून ते वाटून द्यावेत.

नळ तोच, जनित्रे अनेक

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे असूनही सहसा दुर्लक्षित राहते. खोपोलीच्या वीजकेंद्रात घाटमाथ्यावरील तलावांचे पाणी पोलादी नळांवाटे खाली येते आणि जनित्रे फिरविते. नळ तोच ठेवून जनित्रांची संख्या दुप्पट केली तर वीज दुप्पट होईल काय? होणार नाही. नळातून जितके पाणी येते तितकीच वीज मिळेल आणि उरलेली जनित्रे पाण्याची वाट पाहत उभी राहतील. संगणकात गाभे ही जनित्रे, आकडे साठविणारी स्मृती हा तलाव आणि या दोहोंस जोडणारा मार्ग हा नळ होय.

‘प्रत्यूष’मधील प्रोसेसरचेच उदाहरण घेऊ. त्या एका प्रोसेसरमध्ये अठरा गाभे होते आणि ते सर्व मिळून सेकंदाला सुमारे ६०५ अब्ज आकडेमोडी करू शकत. त्या प्रोसेसरला स्मृतीतून मात्र सेकंदाला जास्तीत जास्त सुमारे ७७ अब्ज बाइट मिळू शकत. एक संख्या आठ बाइटांची धरली, तर ही सुमारे ९.६ अब्ज संख्यांची आवक झाली. याचा अर्थ असा की, स्मृतीतून आणलेल्या प्रत्येक संख्येवर सुमारे त्रेसष्ट आकडेमोडी होतील तरच सर्व गाभे पूर्ण वेळ कामात राहतील. हवामानाच्या गणितात अनेक ठिकाणी एका संख्येवर मोजक्याच बेरजा-गुणाकार होतात आणि पुढची संख्या मागावी लागते. परिणामी गाभ्यांचा पुष्कळसा वेळ गणन करण्यात नव्हे तर वाट पाहण्यात जातो.

महासंगणकांच्या क्षमतेचे जे मोठे आकडे प्रसिद्ध होतात त्यांकडेही याच दृष्टीने पाहावयास हवे. क्रमवारीसाठी वापरल्या जाणाऱ्या ‘लिनपॅक’ या कसोटीत एकदा आणलेल्या संख्येचा वारंवार उपयोग होतो. त्यामुळे ‘प्रत्यूष’ने त्या कसोटीत शिखरक्षमतेच्या सुमारे ९४ टक्के कामगिरी करून दाखविली. शास्त्रीय गणिताशी अधिक जवळीक असलेली ‘एचपीसीजी’ ही दुसरी कसोटी याहून पुष्कळच कठोर आहे. जपानमधील ‘फुगाकू’ हा महासंगणक २०२० साली दोन्ही कसोट्यांत जगात पहिला आला. त्याची शिखरक्षमता ५३७ पेटाफ्लॉप होती. पहिल्या कसोटीत त्याने ४४२ पेटाफ्लॉप गाठले, तर दुसरीत १६, म्हणजे शिखरक्षमतेच्या केवळ तीन टक्के. यंत्र तेच होते. फरक कामाच्या स्वरूपाचा होता.

यावर उपाय आहेत. लावणीच्या वेळी रोपांच्या मुठी आधीच खाचरभर टाकून ठेवतात. त्यामुळे लावणाऱ्या बाईस दर वेळी बांधापर्यंत जावे लागत नाही. प्रोसेसरमध्येही गाभ्यास लागून ‘कॅश’ नावाची लहानशी पण अत्यंत जलद साठवण असते. तेथे आणून ठेवलेल्या आकड्यांचे सर्व काम उरकूनच पुढचे आकडे मागवावेत अशी आज्ञावलीची मांडणी केली तर वाट पाहण्याचा वेळ पुष्कळ कमी होतो. स्मृतीतून एका खेपेस बहुधा ६४ बाइट, म्हणजे आठ संख्या, एकत्र येतात. त्या ज्या क्रमाने साठविल्या आहेत त्याच क्रमाने वापरल्या तर आठही कामी येतात; आडव्या क्रमाने वापरल्या तर एक वापरली जाऊन सात वाया जातात. एकाच गणिताच्या दोन आज्ञावल्यांत काही पटींचा फरक पडतो तो अशा साध्या गोष्टींमुळे. संख्या आठऐवजी चार बाइटांत साठविल्या तर त्याच नळातून दुप्पट संख्या येतात. युरोपातील मध्यम पल्ल्याच्या हवामान अंदाज केंद्राने २०२१ साली आपल्या प्रतिमानात हा बदल केला आणि वाचलेल्या गणनशक्तीतून वातावरणाचे अधिक थर मोजण्यास प्रारंभ केला.

शेजाऱ्याची खबर आणि असमान ओझे

पृथ्वीचे तुकडे करून ते गाभ्यांत वाटले, तरी हवा काही तुकड्यांच्या सीमा मानीत नाही. कर्जतवरील ढगाचे पुढे काय होणार हे मावळातील आणि पनवेलमधील वाऱ्यावरही अवलंबून असते. म्हणून प्रत्येक टप्प्यानंतर प्रत्येक गाभ्याला आपल्या कडेच्या चौकोनांचे आकडे शेजाऱ्यास कळवावे लागतात आणि त्याचे मागून घ्यावे लागतात. एका गाभ्याकडे शंभर गुणिले शंभर, म्हणजे दहा हजार चौकोन असतील तर त्यांपैकी ३९६ कडेचे असतात. हे प्रमाण सुमारे चार टक्के झाले. गाभे वाढवून प्रत्येकाकडे दहा गुणिले दहा, म्हणजे शंभरच चौकोन ठेवले तर त्यांपैकी ३६ कडेचे होतात. म्हणजे कामाचा वाटा जसजसा लहान होतो तसतशी गणनापेक्षा निरोपांची देवाणघेवाणच अधिक होऊ लागते. एका मर्यादेनंतर गाभे वाढविल्याने काम लवकर होण्याऐवजी उशिरा होण्याचाही संभव असतो.

त्यातच सर्वांचे ओझे सारखे नसते. पावसाळ्याच्या दिवसांत ज्या गाभ्याकडे सह्याद्रीचा तुकडा आलेला असतो त्यास ढग, थेंब, बर्फकण आणि पाऊस यांचे अधिक गणित करावे लागते. कोरड्या वाळवंटाचा तुकडा सांभाळणारा गाभा आपले काम आधी संपवून थांबून राहतो. पुढचा टप्पा सर्वांनी मिळूनच सुरू करावयाचा असल्याने सर्वांत मागे राहिलेल्या गाभ्याचा वेग हाच साऱ्या यंत्राचा वेग ठरतो. रिचर्डसन यांच्या संचालकाच्या हातातील निळ्या प्रकाशाचे कारण हेच होते. आज ते काम आज्ञावलीस करावे लागते. ज्यांच्याकडे काम अधिक त्यांच्याकडील तुकडे लहान करणे किंवा मोकळ्या झालेल्या गाभ्यांकडे ते वळविणे, असे उपाय त्यासाठी योजले जातात.

या सर्व अडचणींतून सुटणारे एक कामही आहे. हवामानाच्या सुरुवातीच्या नोंदीत थोडा फरक पडला तरी काही दिवसांनी अंदाजात मोठा फरक पडू शकतो. म्हणून किंचित निरनिराळ्या सुरुवातींपासून अनेक अंदाज काढून ते ताडून पाहिले जातात. त्यांपैकी बहुतेकांत अतिवृष्टी दिसली तर तिची शक्यता अधिक मानता येते. जून २०१८ पासून भारतात बारा किलोमीटरांच्या जाळीवर असे एकवीस अंदाज एकत्रितपणे काढण्याची पद्धत सुरू झाली. हे एकवीस अंदाज परस्परांवर अवलंबून नसल्याने ते गाभ्यांच्या एकवीस स्वतंत्र गटांवर एकाच वेळी चालविता येतात. त्यांना एकमेकांस काही विचारावे लागत नाही. अनेक गाभ्यांच्या यंत्रास याहून सोयीचे काम क्वचितच असेल.

‘अर्का’ आणि सहा किलोमीटरांची जाळी

२६ सप्टेंबर २०२४ रोजी पुण्याच्या याच संस्थेतील ‘अर्का’ आणि नोएडा येथील ‘अरुणिका’ या नव्या महासंगणकांचे लोकार्पण पंतप्रधानांच्या हस्ते झाले. त्या दिवशीचा पंतप्रधानांचा पुणे दौरा मुसळधार पावसामुळे रद्द करावा लागला होता आणि हा समारंभ दूरदृश्य प्रणालीद्वारे पार पडला. ‘अर्का’ची क्षमता ११.७७ पेटाफ्लॉप, तर ‘अरुणिका’ची ८.२४ पेटाफ्लॉप आहे. ‘प्रत्यूष’वर ज्या गणितास दहा तासांपर्यंत वेळ लागे ते ‘अर्का’वर चार तासांत होते, असे सांगण्यात आले. त्यानंतर २६ मे २०२५ रोजी ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ ही पुण्याच्या संस्थेने विकसित केलेली प्रणाली कार्यान्वित झाली. तिची जाळी सुमारे सहा किलोमीटरांची आहे. ग्रामपंचायतींच्या पातळीपर्यंत अंदाज पोहोचविणे हा तिचा उद्देश आहे.

वर दिलेला हिशेब येथे लावून पाहण्यासारखा आहे. जाळी बारावरून सहा किलोमीटरांवर आणण्यास, इतर सारे तसेच राहिल्यास, आठपट काम पडते. ‘प्रत्यूष’च्या तुलनेत ‘अर्का’ची क्षमता सुमारे तिप्पट आहे. उरलेली तफावत अधिक गाभे विकत घेऊन नव्हे, तर जाळीची नवी रचना, गणिताच्या सुधारलेल्या पद्धती आणि आज्ञावलीची काटेकोर मांडणी यांतूनच भरून काढावी लागते. नव्या प्रणालीत जाळीची आखणीच बदलण्यात आली, ती याच दृष्टीने अर्थपूर्ण आहे. यंत्र खरेदी करता येते. ते पुरेपूर वापरणारी आज्ञावली मात्र अभ्यासाने आणि चिकाटीने घडवावी लागते. खोपोली-कर्जत परिसरात अभियांत्रिकीचे शिक्षण घेणाऱ्या तरुणांना हे काम दूरचे वाटण्याचे कारण नाही. चार किंवा आठ गाभ्यांच्या साध्या संगणकावरही हेच नियम लागू पडतात आणि ते तेथे शिकता येतात.

अंदाजानंतरचे काम

या प्रगतीची मर्यादाही स्पष्टपणे सांगितली पाहिजे. सहा किलोमीटरांच्या चौकोनात छत्तीस चौरस किलोमीटर भूमी सामावते. इर्शाळगडाचा सुळका आणि त्याच्या उतारावरील वाडी अशा चौकोनास स्वतंत्रपणे दिसत नाहीत. शिवाय पावसाचा अंदाज म्हणजे दरडीचा अंदाज नव्हे. दरड कोसळणे हे मातीची जाडी, खडकातील भेगा, उताराचा कोन आणि आधी मुरलेले पाणी यांवरही अवलंबून असते. त्यासाठी प्रत्यक्ष पाहणीच करावी लागते. इर्शाळवाडीचा समावेश दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हता, ही वस्तुस्थिती या संदर्भात विसरता येणार नाही. जाळी आणखी बारीक असती तर ती दुर्घटना टळली असती, असे कोणीही म्हणू शकत नाही.

मग या साऱ्या गणिताचा डोंगरउतारावरील माणसास उपयोग कोणता? तो वेळेचा आहे. इशारा निघाल्यानंतर तो जिल्हाधिकारी कार्यालयातून तहसीलदारांकडे, तेथून तलाठी, ग्रामसेवक आणि पोलीस पाटील यांच्याकडे आणि अखेरीस वाड्या-पाड्यांवर पोहोचावा लागतो. या साखळीस वेळ लागतो. जेथे वाहन जात नाही तेथे निरोप घेऊन माणसालाच चढून जावे लागते. लहान मुले, वृद्ध आणि गुरेढोरे यांना घेऊन तोच डोंगर उतरावयाचा असतो आणि रात्रीच्या अंधारात, पावसात ते जवळजवळ अशक्य असते. दहा तासांचे गणित चार तासांत झाले, म्हणजे सहा तास वाचले. हे सहा तास महासंगणकाच्या खोलीत केवळ एक आकडा आहे. कर्जत-खालापूरच्या एखाद्या वाडीवर मात्र दुपारी चार वाजता पोहोचलेला इशारा आणि रात्री दहा वाजता पोहोचलेला इशारा यांत दिवसाचा सारा उजेड असतो.